पाश्चात्य आधुनिक नृत्यावरील पूर्वेचा प्रभाव: एका ऑनलाइन व्याख्यानमालेचे परीक्षण

पाश्चात्य आधुनिक नृत्याने पूर्वेकडून नेमके काय घेतले, याचा सविस्तर विचार करणारी एक ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानमाला मी नुकतीच पूर्ण पाहिली. पूर्वेची वेशभूषा उसनी घेणे वेगळे आणि तिच्या कलाविचारातून नृत्याची रचनाच बदलणे वेगळे, हा भेद ती शेवटपर्यंत सुटू देत नाही, आणि म्हणूनच ती मला मोलाची वाटते.

अमेरिकन नर्तकी रूथ सेंट डेनिस यांच्यावरील व्याख्यान विशेष समतोल आहे. सिगारेटच्या जाहिरातीतील इजिप्शियन देवीच्या चित्राने भारावलेल्या या नर्तकीने १९०६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘राधा’ हे नृत्य सादर केले, तेव्हा भारतीय शास्त्रीय नृत्याचे शिक्षण तिला मिळालेले नव्हते आणि संगीतही देलीब या फ्रेंच संगीतकाराच्या ‘लाक्मे’ या ऑपेरातले होते. तरीही नृत्य हे उपासनेच्या जवळ जाऊ शकते, ही तिची श्रद्धा खरी होती. नर्तक पती टेड शॉन यांच्यासह तिने १९१५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये उभारलेल्या डेनिशॉन या नृत्यसंस्थेत पुढच्या पिढीतील आधुनिक नर्तकी मार्था ग्रॅहम आणि डोरिस हम्फ्री घडल्या. पुढे दोघींनीही तो पौर्वात्य थाट टाकून दिला, पण नृत्याकडे गंभीरपणे पाहण्याची तिथली वृत्ती त्यांच्यात टिकली, हे व्याख्यानात चित्रफितींच्या आधारे पटवून दिले आहे.

अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्यावरील भाग मात्र सर्वांत सरस. नवरस आपल्या इतके परिचयाचे आहेत की १९५१ च्या ‘सिक्स्टीन डान्सेस’ या रचनेचा तेच आधार होते, याचे सुखद आश्चर्य वाटते. भावांचा क्रम ठरवताना कनिंगहॅम यांनी नाणे उडवून योगायोगाला वाव दिला, आणि पुढे नाणी टाकून कौल घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ई चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या साहाय्याने हीच पद्धत त्यांच्या साऱ्या नृत्यरचनेच्या मुळाशी गेली. इथे पूर्व दिसत नाही, पण ती काम करत असते. अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनमध्ये, म्हणजे एकमेकांच्या स्पर्शातून आणि भारातून उत्स्फूर्त नाचण्याच्या पद्धतीत, ऐकिदो या जपानी युद्धकलेतील पडण्याचे तंत्र कसे उतरले, हे प्रात्यक्षिकासह दाखवले आहे, तेही उत्तम.

माझा आक्षेप एकच, पण तो गंभीर आहे. पूर्वेकडचे कलावंत इथे शिक्षक म्हणून फारसे भेटतच नाहीत. कनिंगहॅम यांचे सहकारी, संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताचे धडे देणाऱ्या गीता साराभाई एका वाक्यात येऊन जातात. रशियन बॅले नर्तकी ॲना पाव्हलोवा यांच्यासाठी १९२३ मध्ये नृत्ये बसवणारे आणि त्यांच्यासोबत नाचणारे उदयशंकर घाईने आटोपले आहेत. १९६२ मध्ये अमेरिकेतील जेकब्ज पिलो नृत्यमहोत्सवात नाचलेल्या भरतनाट्यम् नर्तकी बालसरस्वती यांचा तर उल्लेखच नाही. पाश्चात्य रंगमंचावर ‘राधा’ गाजत होती त्याच काळात भारतात देवदासींच्या नृत्याविरुद्ध मोहीम चालू होती, ही विसंगती या विषयाच्या गाभ्याशी असूनही तिच्याकडे दुर्लक्ष झाले आहे.

चित्रफिती स्पष्ट आहेत, निवेदन संथ आणि नेमके आहे. नृत्याच्या विद्यार्थ्यांनी कनिंगहॅम यांच्यावरील व्याख्यान आधी पाहावे आणि मग सेंट डेनिस यांच्याकडे वळावे, असे मी सुचवेन; त्या क्रमाने पाहिल्यास ‘राधा’मधले वरवरचे काय आणि पुढे टिकलेले काय, हे अधिक स्पष्ट कळते.