ऑनलाइन संयुक्त वर्गात ‘क्रॉसरोड’: एक सत्र वापरल्यानंतर

आपत्ती-सज्जतेवरचे भारत-जपान संयुक्त ऑनलाइन वर्ग बहुतेकदा सादरीकरणातच अडकतात. एक बाजू कोबेच्या स्लाइड दाखवते, दुसरी किल्लारीच्या. टाळ्या होतात, स्क्रीनशॉट निघतो, आणि समोरचा माणूस संकटात कसा विचार करतो हे काही कळत नाही. ‘क्रॉसरोड’ सत्रभर चालवल्यावर आमचं मत झालंय, की सादरीकरणं निम्मी करावीत आणि हा खेळ घ्यावा.

१७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर कोबे महापालिकेच्या कर्मचाऱ्यांसमोर जे पेच उभे राहिले, त्यांवर जपानी संशोधकांनी तो बेतला आहे. टेबलाला पाच जण. कार्डावर एक पेच, उत्तर फक्त हो किंवा नाही. बहुमताला गुण म्हणून निळी ‘गादी’ (खेळातली सोंगटी) मिळते. पण एकटाच कुणी वेगळा पडला, तर सोनेरी गादी त्याची आणि बाकीच्यांना काहीच नाही. बुजऱ्या मुलांना बोलतं करायला हा नियम फार उपयोगी पडतो.

गाजलेलं कार्ड असं: निवारा केंद्रात ३,००० माणसं, हाताशी २,००० जणांचं जेवण, पुढचं कधी येईल सांगता येत नाही. वाटायला सुरुवात करायची का? आपली मुलं हटकून तिसरी वाट काढतात: पाकिटं फोडून अर्धी अर्धी करू, आजूबाजूच्या गावांतून भाकरी मागवू. तिथेच थांबवायचं. आधी हो-नाही, कारण मागून. खरा माल त्या कारणांतच असतो. यादीप्रमाणे वाटप होईल असं कोण धरून चालतो, शेजारचं गाव धावून येईल यावर कुणाचा भरवसा आहे, हे त्यातून उघडं पडतं. मात्र ‘जपानी असे, भारतीय तसे’ असा निष्कर्ष काढू देऊ नका. एकाच देशाची मुलंही फुटतात.

दुसरं कार्ड घरच्या कुत्र्याचं: त्याला निवाऱ्यात न्यायचं का? त्याला जोड म्हणून आम्ही शिरोळचं कार्ड केलं. पाणी चढतंय, बोट दारात आहे, गोठ्यात दोन म्हशी आहेत. निघायचं का? दोन्ही कार्डं लागोपाठ खेळवली की चर्चा आपोआप पेट घेते. म्हैस म्हणजे घरचा महिन्याचा पैसा, हे जपानी मुलांना पहिल्यांदाच उमगतं. एक सावधगिरी घ्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसं नेणारी बोट उलटली होती. वर्गात त्या भागातली मुलं असतील तर आधी विचारा, नको म्हणाली तर कार्ड बाजूला ठेवा.

ऑनलाइनसाठी काही बदल करावेच लागतात. कार्ड आदल्या दिवशी सोप्या इंग्रजीत, जपानीत आणि मराठीत पाठवा. वर्गात दोन मिनिटं गप्प बसून लिहू द्या, मग तीन-दोन-एक म्हणून सगळ्यांनी एकदम चॅटमध्ये उत्तर टाकायचं. पोल वापरू नका. निनावी पोलमध्ये एकटा कोण पडला तेच कळत नाही आणि सोनेरी गादी वाया जाते. उत्तरपत्रिकेवर ✓ ही खूणही नको: जपानी शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात, आणि ✓ बऱ्याचदा चुकीच्या उत्तरावर असते. सरळ अक्षरात लिहायला लावा.

९० मिनिटांत दोनच कार्डं होतात. दहा मिनिटं ओळख, प्रत्येक कार्डाला पंचवीस, वीस मोकळ्या चर्चेला, उरलेली दहा नेट गेलं तर. तिसरं कार्ड कोंबलं की कारणं ऐकायला वेळच राहत नाही. एकाचं बोलणं संपल्यावर दहा सेकंद कुणी बोलायचं नाही असा नियम ठेवा. तो नसेल तर जपानी विद्यार्थी वाक्य जुळवतोय तोवर आपल्यातले दोघं बोलून मोकळे होतात.

खेळाची उणीव म्हणजे मूळ कार्डं बहुतांशी भूकंपाची आहेत. पूर, दरड, दुष्काळ यांची तुम्हालाच लिहावी लागतील. वेळ जुळवणं सोपं आहे. जपान साडेतीन तास पुढे, त्यामुळे त्यांचे दुपारचे साडेचार म्हणजे आपला एक. कॅलेंडर जास्त छळतं. त्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, आपलं जून-जुलैला. दोघांना सोयीचा पट्टा ऑक्टोबर-नोव्हेंबर, त्यातही दिवाळीचा आठवडा आधीच वगळून समोरच्या प्राध्यापकांना कळवून ठेवा.