जुना टेलिस्कोप माउंट घेताय? माझे ७२,७०० गेले, आधी हे वाचा

सेकंडहँड इक्वेटोरियल माउंटसाठी (ताऱ्यांबरोबर दुर्बीण फिरवणारा मोटरचा स्टँड) ऑनलाइन टोकन पाठवणाऱ्यांनो, थांबा. माझे २०,००० टोकनचे गेले, ४८,५०० बाकीचे, आणि वर ४,२०० "ट्रान्झिट इन्शुरन्स", तो म्हणे पार्सलबरोबर परत मिळतो.

विकणारा माणूस अडाणी नव्हता, तिथेच घात झाला. बॅकलॅश (गिअरमधला ढिलेपणा), बेल्ट मॉड (गिअरऐवजी पट्टा), गायडिंग (ताऱ्याचा अचूक पाठलाग) ०.६ आर्कसेकंदात येतं, सगळं बिनचूक बोलत होता. एम-५१ या दीर्घिकेच्या सर्पिल भुजा फोटोत नीट उतरवायच्या तर तासन्‌तास एक्सपोजर गोळा करावं लागतं, साध्या ट्रायपॉडवर काही सेकंदांत तारे ओढले जातात, त्यामुळे चांगला माउंट ही चैन नाही आणि नवा परवडत नाही म्हणून तर आपण जुना बघतो ना.

आता ऐका. नोव्हेंबरचा मध्य. याच माउंटवर काढला म्हणून त्याने एम-५१ चा फोटो पाठवला, खाली मेसेज, "गेल्या शनिवारी रात्री दहाला काढलाय सर". रात्री दहाला! नोव्हेंबरात! सप्तर्षीतल्या मरीचीच्या शेजारची ही दीर्घिका आपल्याकडे तेव्हा सूर्याच्या आगेमागेच मावळते आणि उगवते पहाटे तीनच्या सुमारास. वांगणीला आकाशदर्शनाला येणारी शाळकरी पोरंसुद्धा हे पकडतील. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे, बघितला की डोकं फिरतं. पण सौदा चालू असताना लक्ष गिअरकडे असतं, कुणाचंही असेल.

रॉ फाइल मागा, फिट्सच्या (खगोल-फोटोंचा फाइल प्रकार) हेडरमध्ये तारीख-वेळ असते.

पुढचं तर अजून संतापजनक. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लवकर लागेना. पोलीस स्टेशन म्हणतं सायबरला जा, सायबरवाले म्हणतात आधी तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा, आणि तिथले साहेब विचारतात, "एका स्टँडला एवढे पैसे?" मागे बसलेले हसले. अहो हसायला काय झालं, चोरी ती चोरीच ना? बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. त्याच्या खात्यात ३,१४० रुपये होल्ड झालेत, तेवढे सोडवायलाही कोर्टाची ऑर्डर आणा म्हणे!

व्हिडिओ कॉलवर पॉवर लावून माउंट फिरवून दाखवायला सांगा, बाजूला आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून. टाळाटाळ केली की फोन ठेवा. कुरिअरची पावती म्हणजे पुरावा नाही, माझा डॉकेट नंबर बोगस निघाला. फसलातच तर बँकेत धावायच्या आधी १९३० लावत राहा, पैसे पुढच्या खात्यात सरकायला वेळ लागत नाही.

तोच फोटो आता दुसऱ्या नावाने फिरतोय, भाव ६२,०००. जोडीदार दीर्घिका वरच्या बाजूला आणि डाव्या कोपऱ्यातून सॅटेलाइटची तिरकी रेघ गेलीय. दिसला तर एक रुपया पाठवू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.