पासपोर्ट सेवा: परराष्ट्रमंत्र्यांचे आपल्या वाट्याला येणारे काम

मे २०२३ मध्ये गोव्यात बाणावलीत शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली, तेव्हा जयशंकर यांनी पाकिस्तानच्या बिलावल भुट्टोंशी हात न मिळवता नमस्कार केला आणि त्या नमस्काराचा अर्थ लावण्यात आमच्या फोंड्यातल्या चहाच्या टेबलांवर कितीतरी संध्याकाळी गेल्या. परराष्ट्रमंत्र्यांचे काम म्हणजे एवढेच, अशी माझीही समजूत होती. आईचा पासपोर्ट काढताना त्याच मंत्रालयाची दुसरी बाजू जवळून पाहिली.

आईचा जन्म गोवामुक्तीपूर्वीचा, त्यामुळे जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाचे, ‘क्यू’ घातलेले, तर आधारवर साधे ‘के’. अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याने या दोहोंपेक्षा वेगळे, स्वतःचेच तिसरे स्पेलिंग लिहिले होते. पासपोर्ट सेवा केंद्रात ही चूक पहिल्याच काउंटरवर सापडली. तिथे तीन टप्पे असतात: ‘ए’ काउंटरवर टीसीएस या खासगी कंपनीचे कर्मचारी फोटो व बोटांचे ठसे घेऊन कागद स्कॅन करतात, ‘बी’वरची पडताळणी आणि ‘सी’वरची मंजुरी मात्र सरकारी अधिकारीच करतात, कारण पासपोर्ट द्यायचा की नाही हा निर्णय सरकारने स्वतःच्या हातात ठेवला आहे. ‘बी’वरच्या बाईंनी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र शांतपणे वाचले आणि “काकी, असे दाखले आमच्याकडे नेहमीच येतात,” असे म्हटल्यावर आईच्या जिवात जीव आला.

दहा वर्षांच्या ३६ पानी पासपोर्टाला १,५०० रुपये पडतात. तत्काळसाठी आणखी २,००० मोजण्याची आम्हाला गरज भासली नाही.

स्पीड पोस्टाने पासपोर्ट आला तेव्हा आतला मजकूर मी आईला मराठीत सांगितला: धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावे, लागेल ती मदत आणि संरक्षण द्यावे, अशी राष्ट्रपतींच्या नावे इतर देशांना केलेली ती विनंती आहे. मूळ मजकूर हिंदी आणि इंग्रजीत असतो, ही माझी एक बारीकशी तक्रार.

“आणि त्यांनी नाही ऐकले तर?” आईने विचारले. प्रश्न अगदी नेमका होता, कारण विनंती छापणे सोपे असते. ती परक्या देशाने मानावी यासाठीच दूतावास, करार आणि बाणावलीसारख्या बैठका लागतात. नाहीच ऐकले तर तक्रारीसाठी २०१५ पासून मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल आहे, असे मी तिला सांगितले. तिचे समाधान झाले नाही, म्हणून ती जिथे जाणार होती त्या मस्कतमधल्या आपल्या दूतावासाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून पासपोर्टाच्या कव्हरात ठेवून दिला.