पॅर्ट, शॉ, राइश की सारिआहो: आजचं चेंबर म्युझिक कुठून ऐकायला घ्यावं?

आजच्या काळातलं चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वाद्यांसाठी लिहिलेलं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, ऐकायचंय पण सुरुवात कोणापासून करावी ते ठरत नाहीये, असं असेल तर माझ्या मते खरी निवड आर्वो पॅर्ट आणि कॅरोलाइन शॉ या दोघा संगीतकारांतच आहे, बाकीचे दोघं नंतर.

पॅर्ट एस्टोनियाचे. 'श्पीगल इम श्पीगल' १९७८ चं, फक्त व्हायोलिन आणि पियानो, साधारण १० मिनिटं. पियानो तीन-तीन सूर वर चढवत शांतपणे चालत राहतो आणि व्हायोलिन आधी दोनच सूर वाजवतं, मग हळूहळू एकेक सूर वाढवत जातं, आणि कितीही लांब गेलं तरी परत त्याच एका सुरावर येऊन टेकतं. बस, एवढंच. पण वाजवणाऱ्याला लपायला जागाच नाही, गज जरासा थरथरला तरी लगेच कळतं. डोकं शिणलेलं असेल तर हेच लावा, फक्त मागे लावून दुसरं काम करत बसू नका, तसं ऐकलं तर हाती काहीच लागत नाही.

शॉचं 'आंत्राक्त' २०११ चं, स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चार तंतुवाद्यांसाठी. अठराव्या शतकातल्या हायडन या संगीतकाराच्या एका क्वार्टेटमधला मिन्युएट (नाचाच्या तालावरचा भाग) ऐकून तिला हे सुचलं. ती स्वतः व्हायोलिन वाजवते आणि ते इथे पावलोपावली जाणवतं बरं का. सुरुवातीला छान भरलेले कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) येतात, आणि मग सूर विरत जाऊन नुसता गज घासल्याचा, श्वासासारखा आवाज उरतो. ते रेकॉर्डिंग खराब नाहीये हां, तारेवरचा बोटाचा दाब मुद्दाम कमी केलाय. मधे तारा छेडून वाजवायचा भाग येतो, आणि शेवटी बाकीचे तिघं गप्प होतात आणि एकटा चेलो बोटांनी कॉर्ड छेडत राहतो. मला विचाराल तर सुरुवात इथूनच करा, कारण लाकूड, तार, गज सगळं इतकं जवळून ऐकू येतं की पुढचं काहीही ऐकायला कान तयार होतो.

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं 'डिफरंट ट्रेन्स' (१९८८), स्ट्रिंग क्वार्टेट आणि टेपसाठीचं, मी या सगळ्यांत मोठं मानतो, तरी पहिलं म्हणून नको. लहानपणी आई-वडील वेगळे राहायचे म्हणून राइश न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस ट्रेनने जायचे, आणि पुढे त्यांच्या लक्षात आलं की त्याच वर्षांत आपण युरोपात असतो तर ज्यू म्हणून वेगळ्याच ट्रेनमध्ये बसवले गेलो असतो. टेपवर खऱ्या माणसांचं बोलणं आहे, होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्यांचंसुद्धा, आणि त्या बोलण्याचा चढउतार वाद्यं जशीच्या तशी उचलतात, बाईचा आवाज व्हायोला, पुरुषाचा चेलो. जवळपास अर्धा तास लागतो, आणि नंतर लगेच दुसरं काही ऐकवत नाही. वेळ असेल तेव्हाच लावा.

फिनलंडच्या काया सारिआहोचं 'टेरा मेमोरिया' (२००६), हेही स्ट्रिंग क्वार्टेट, सगळ्यात शेवटी. गुणगुणायला चाल शोधाल तर सापडणार नाही, एकच सूर रंग कसा बदलतो ते ऐकायचं. आणि हे हेडफोन लावूनच ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर त्यातले अगदी हळू आवाज गायबच होतात.