डब्यावर 'संपूर्ण', आत कात्री: जुन्या विनोदी मालिकांचे डिस्क-संच वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकते. जुन्या इंग्रजी विनोदी मालिकांचे डीव्हीडी आणि ब्लू-रे संच आजही घेण्यासारखे आहेत, पण डब्यावर 'द कम्प्लीट सीरिज' छापलंय म्हणून डोळे मिटून घेऊ नका. गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे रात्रीची जेवणं उरकली की बाबा आणि मी एखादा भाग लावतो. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी', 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस', 'मॅश', 'फॉल्टी टॉवर्स', 'साइनफेल्ड' आणि अर्थात 'फ्रेंड्स'. काही माझे जुनेच होते, काही नातेवाइकांच्या बॅगांतून आले, काही सेकंडहँड मिळाले. खोका देखणा आहे का, चित्र किती स्वच्छ आहे, याबद्दल मी फारसं लिहिणार नाही, कारण ते सगळीकडे ठीकठाकच आहे. टीव्हीवर जे दाखवलं होतं त्यातलं डिस्कवर किती उरलंय, हे मी बघत गेले.

यंत्राचं पटकन उरकते. डिस्क देशांच्या विभागांनुसार (रीजन) कुलूपबंद असतात. आपला देश डीव्हीडीसाठी रीजन ५ मध्ये येतो, अमेरिका १ आणि ब्रिटन २. ब्लू-रेला अमेरिका ए, ब्रिटन बी आणि आपण सी. म्हणजे बाहेरून आणलेला संच इथल्या साध्या प्लेअरवर बहुधा चालणारच नाही. मल्टी-रीजन प्लेअर आधी घ्या, मगच डिस्कच्या मागे लागा. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. फिल्मवर चित्रित झालेल्या अमेरिकी मालिका सेकंदाला २४ चौकटींच्या असतात आणि ब्रिटनची 'पाल' ही टीव्हीची पद्धत २५ चौकटींची. त्यामुळे ब्रिटनमधल्या डीव्हीडीवर तीच मालिका साधारण ४ टक्के जोरात पळते आणि आवाजाची पट्टीही किंचित चढते. बाबा पेटी वाजवतात, त्यांनी 'फ्रेंड्स'च्या शीर्षकगीतावरच ते पकडलं. मिनिटं मोजून काटछाट शोधायची सवय असेल तर हे लक्षात असू द्या. २५ मिनिटांचा भाग अशा डिस्कवर २४ मिनिटांत संपतो, आणि तरी त्यातलं एक अक्षरही कापलेलं नसतं.

आता 'डब्ल्यूकेआरपी'. या विषयात ज्याला रस आहे त्याने सुरुवात इथूनच करावी. १९७८ ते १९८२ या काळात सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर चाललेली ही मालिका. बुडत चाललेलं एक रेडिओ स्टेशन गुळगुळीत वाद्यसंगीत सोडून रॉक वाजवायला लागतं, ही तिची कल्पना. म्हणजे गाणी इथे मागे कुठेतरी वाजत नाहीत, ती कथेतच बसलेली आहेत. डीजे कोणती रेकॉर्ड लावतो यावर विनोद, त्यावर मॅनेजरचा चेहरा कसा होतो यावर पुढचा विनोद. मालिका व्हिडिओटेपवर चित्रित केली गेली, त्याचं एक कारण असं की त्या काळी टेपवरच्या कार्यक्रमांना गाण्यांचे हक्क स्वस्तात पडत. त्यामुळेच त्यांना त्या वेळची खरीखुरी गाणी सढळ हाताने वापरता आली.

मात्र ते हक्क कायमचे नव्हते. १९७८ मध्ये करार करताना घरोघरी कॅसेट आणि डिस्क विकल्या जातील हे कोणाच्या डोक्यात असणार? त्यात गाणं म्हणजे एक हक्क नसतो, दोन असतात. चाल आणि शब्दांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. दोघांचे मालक वेगळे, दोघांशी वेगळी बोलणी. मुदत संपल्यावर पुनर्प्रक्षेपणाच्या प्रतींमध्ये गाणी काढून कोणतंही बिननावाचं संगीत भरलं गेलं. गाण्यावर जिथे संवाद होते तिथे तर नकलाकारांकडून ते संवाद पुन्हा बोलून घेतले गेले, कारण आवाज आणि गाणं एकाच पट्टीत मिसळलेलं होतं.

२००७ मध्ये पहिल्या सीझनची डीव्हीडी आली तीही अशीच, बदललेल्या संगीताची. काही प्रसंग तर सरळ गाळलेले. थँक्सगिव्हिंगच्या प्रसिद्ध भागात मॅनेजर कार्लसन स्टुडिओत येतो, पिंक फ्लॉइड या रॉक बँडची रेकॉर्ड चालू असते आणि तो भाबडेपणाने विचारतो की या गाण्यात कुत्री भुंकतायत का. तो प्रसंग तिथे नाहीच. सेक्रेटरी जेनिफरच्या फ्लॅटची दारावरची घंटासुद्धा बदललेल्या प्रतींतून सुटली नाही. मूळ मालिकेत ती 'फ्लाय मी टू द मून'ची चाल वाजवते, बदललेल्या प्रतीत 'ब्युटिफुल ड्रीमर' वाजते, कारण एकोणिसाव्या शतकातल्या त्या गाण्याचे पैसे कोणाला द्यावे लागत नाहीत. दोन सेकंदांची घंटा, आणि तिलाही वकिलाची सही लागते!

माझ्याकडचा संच २०१४ चा, शाउट फॅक्टरी या कंपनीने काढलेला, चारही सीझनचा. त्यांनी पुन्हा बोलणी करून बरीचशी मूळ गाणी परत आणली. सगळी नाही आणली, काही ठिकाणी जोड कळतो. मला ते चालतं. जो संच काही गाणी सोडून उरलेली प्रामाणिकपणे परत आणतो त्याला मी पूर्ण गुण देईन. टेपवरची मालिका असल्याने चित्र मऊ, थोडं पिवळट आहे आणि मोठ्या टीव्हीवर ते जास्तच जाणवतं. त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही, ती तशीच होती. सेकंडहँड घेताना मात्र कव्हरवरचं वर्ष नीट वाचा. मी पहिल्यांदा मागवला तेव्हा एका विक्रेत्याने फोटो एका संचाचा लावला आणि पाठवला दुसराच. परत केला.

डेल बॉय आणि रॉडनी या दोन भावांच्या 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या ब्रिटिश मालिकेची गोष्ट याच्याच जवळची, फक्त समुद्र वेगळा. बीबीसीला प्रक्षेपणासाठी बाजारातली गाणी वापरायचा सरसकट परवाना असतो, त्यामुळे मालिकेतल्या नॅग्ज हेड पबमध्ये हवं ते वाजलं. हा परवाना विकायच्या डिस्कला लागू नाही. म्हणून ब्रिटनमधल्या डीव्हीडींत कुठे गाणं बदललंय, कुठे गाण्यासकट प्रसंगच गेलाय. तुम्हाला मालिका पाठ नसेल तर कळणारही नाही, आणि तीच तर खरी पंचाईत. पाठ नसेल तर कसं ओळखायचं? हशा मध्येच तुटतो. माणूस खोलीत यायच्या आधीच बोलायला लागलेला असतो. पबमधली कुजबुज एका क्षणात बदलते. एकदा कानाला सवय लागली की कात्रीचा आवाज ऐकू यायला लागतो, आणि मग मालिका निवांत बघता येत नाही, हाही या छंदाचा तोटा.

याच संचात एक काटछाट अगदी निराळ्या जातीची आहे. १९८६ च्या नाताळचा 'अ रॉयल फ्लश' हा भाग. रॉडनी ड्यूकच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि डेल बॉय पिऊन मेजवानीत त्याची लाज काढतो. तो भाग प्रेक्षकांशिवाय चित्रित झाला, हशा नव्हता, त्यामुळे डेल विनोदी न वाटता दुष्टच वाटायला लागला. लेखक जॉन सलिव्हन यांना तो कधीच पटला नव्हता, म्हणून डीव्हीडीसाठी वीसेक मिनिटांहून जास्त भाग कापला गेला आणि हशा जोडला गेला. आता याला काय म्हणायचं? ज्याने लिहिलं त्यानेच दुरुस्त केलं. काटछाट केलेली आवृत्ती निश्चितच हलकी झालीय, बाबांना तीच आवडली. मी मूळ भाग पूर्वी पाहिलेला, आणि माझ्या मते डेलच्या त्या क्रूरपणात खरेपणा होता. मोठा भाऊ धाकट्याचं भलं करता करता त्याला किती खाली पाडू शकतो हे एवढं उघडं पुन्हा त्या मालिकेत आलं नाही. लेखकाचा हक्क मला मान्य आहे. पण मग दोन्ही आवृत्त्या डिस्कवर द्यायला काय हरकत होती?

दोन्ही कशा द्याव्यात ते युद्धातल्या लष्करी इस्पितळावरच्या 'मॅश'कडून शिकावं. सीबीएसला मागून जोडलेला हशा हवाच होता, निर्मात्यांना नको होता. शेवटी तडजोड झाली ती शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हशा नाही, बाकी ठिकाणी चालेल अशी. बीबीसीने ब्रिटनमध्ये ही मालिका हशाविनाच दाखवली. डीव्हीडीवर हा पर्याय ऑडिओच्या यादीत दिलाय, बटण दाबा आणि हसणारे गायब. आमच्याकडे यावरून रोजचा वाद. बाबांना हशा लागतो, मी नाही म्हणते. हशा काढला की तीच मालिका दुप्पट उदास होते, त्यातल्या हॉकाय या डॉक्टरचे विनोद हे माणूस वेडा होऊ नये म्हणून चाललेले आहेत हे स्पष्ट ऐकू येतं. बदल करायचाच तर असा करावा, रिमोट आमच्या हातात देऊन.

'रोझॅन'च्या पहिल्या सीझनबद्दल एवढंच की २००५ ला निघालेल्या डीव्हीडीत पुनर्प्रक्षेपणासाठी कापलेल्या प्रती वापरल्या होत्या. जाहिरातींना जागा करायला प्रत्येक भागातून थोडंथोडं काढलेलं असतं, ते तसंच डिस्कवर गेलं. बहुतेक वेळा जाते ती भागाच्या शेवटची छोटी फोडणी किंवा उपकथेतला एखादा प्रसंग. कथा समजते, चव जाते. तो जुना संच स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

आता ज्या काटछाटीवर सगळ्यात जास्त बोललं जातं तिच्याकडे येते. एका हॉटेलात घडणारी 'फॉल्टी टॉवर्स' फक्त १२ भागांची, त्यातला १९७५ चा 'द जर्मन्स'. तिथे राहणारा म्हातारा मेजर हॉटेलमालक बेसिलला सांगतो की एका बाईला तो ओव्हलवर इंडियाचा सामना बघायला घेऊन गेला होता, आणि मग भारतीय आणि वेस्ट इंडियन लोकांना कोणते अपशब्द वापरावेत यावर तो त्या बाईची 'चूक' दुरुस्त करतो. २०१३ मध्ये बीबीसीने पुन्हा दाखवताना हे संवाद कापले. २०२० च्या जूनमध्ये यूकेटीव्ही या ब्रिटिश वाहिनीसमूहाने तो भागच काही काळ काढून टाकला, बेसिलचं काम करणारे जॉन क्लीज चिडले, आणि सूचना जोडून भाग परत आला. डीव्हीडीवर संवाद जसेच्या तसे आहेत. बाबांनी तो प्रसंग शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "ओव्हल म्हणजे आपल्याला वाडेकर." खरंच, १९७१ मध्ये त्याच मैदानावर अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधली आपली पहिली कसोटी जिंकली होती, म्हणजे हा भाग लिहिला गेला त्याच्या फार आधी नाही. ज्यांना शिवी घातली आहे त्यांच्या घरातून सांगते, तो प्रसंग राहू द्या. हसायचं ते मेजरला, हे पाच वर्षांच्या मुलाला कळेल की नाही माहीत नाही, पण हॉटेलात राहायला आलेल्या बाकी सगळ्यांना कळतंय. ऐकताना टोचतं, टोचावंच.

म्हणून माझं मत असं बनलंय की या प्रकारच्या कात्रीची भीती जरा जास्तच घातली जाते. ती झाली की वर्तमानपत्रात येतं, भांडण होतं, भाग परत येतो. 'गोल्डन गर्ल्स'चा चिखलाच्या फेसपॅकवाला भाग २०२० मध्ये हुलू या अमेरिकी स्ट्रीमिंग सेवेवरून काढला तेव्हाही बातमी झालीच. गाण्यांच्या बिलापायी गेलेल्या प्रसंगाची बातमी होत नाही. 'मॅरीड विथ चिल्ड्रन'च्या डीव्हीडीत तिसऱ्या सीझनपासून गायक फ्रँक सिनात्राचं शीर्षकगीत गेलं आणि दुसरंच काहीतरी वाजायला लागलं, तेव्हा निदान ते सुरुवातीलाच ऐकू आलं. मधल्या प्रसंगांचं कोण बघतो?

आकाराचा घोळ वेगळाच. 'साइनफेल्ड' ३५ मिमी फिल्मवर होती म्हणून ती एचडीत छान दिसते, पण रुंद टीव्हीत भरायला वरून-खालून चित्र कापलं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ती नेटफ्लिक्सवर आली तेव्हा 'द पॉटहोल' नावाच्या भागात तो खड्डाच चौकटीबाहेर गेला. जॉर्ज आणि जेरी वाकून बघतायत, आपण त्यांचे चेहरे बघतोय, खड्डा नाही. २०२४ च्या शेवटी आलेला फोरके (4K) संचही रुंदच आहे. जुन्या डीव्हीडींत चित्र मूळ चौकोनी आकाराचं आहे, धार कमी आहे, पण खड्डा आहे. मी डीव्हीडीच बघते. 'फ्रेंड्स'मध्ये उलट झालं. ब्लू-रेसाठी चौकट बाजूंना उघडली आणि काही दृश्यांत कडेला मूळ नटीऐवजी बदली बाई उभी दिसायला लागली. शिवाय जुन्या डीव्हीडींत टीव्हीवर न दाखवलेले जादा संवाद आहेत, ते २०१२ च्या ब्लू-रेत नाहीत. तेव्हा नवा संच आला म्हणून जुना कोणाला देऊन टाकू नका. माझ्या बहिणीने दिला, आता मागतेय.

पैशाचा हिशेब ज्याने त्याने करावा. डिस्क, प्लेअर, कस्टम्सची धास्ती, कपाटातली जागा, हे सगळं धरून हा छंद स्वस्त नाही. माझ्या यादीत 'मॅश' पहिली, २०१४ ची 'डब्ल्यूकेआरपी' दुसरी, 'फॉल्टी टॉवर्स' कोणतीही चालेल. 'ओन्ली फूल्स' घ्या, पण त्यातलं काय काय गेलंय याची जाणीव ठेवून घ्या. पुढचा नंबर 'आय लव्ह लूसी'च्या पहिल्या सीझनच्या ब्लू-रेचा आहे. सगळ्यांना ओळखीची असलेली ती सॅटिनवरच्या बदामाची सुरुवात मुळातली नाही, पुनर्प्रक्षेपणाच्या वेळी घातलेली आहे. १९५१ मध्ये भाग सुरू व्हायचा तो सिगारेट कंपनीच्या प्रायोजकत्वाच्या कार्टूनने, आणि या संचात तसा, तेव्हा दाखवला तसा बघायचा पर्याय दिलेला आहे. आत्येभाऊ दिवाळीला येतोय, त्याला लिंक पाठवून ठेवली आहे.