व्हीबी की सी-शार्प?
म्हापशातल्या भाच्याला दुकानाच्या हिशेबाचा, व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिकची जुनी आवृत्ती) मधला प्रोग्राम नव्याने लिहायचाय. व्हीबी डॉट नेट घेऊ की सी-शार्प, असं त्याने विचारलं.

दोन्ही मायक्रोसॉफ्टच्याच प्रोग्रामिंग भाषा. १९९१ साली विंडोजसाठी भराभर प्रोग्राम हवे होते, तेव्हा व्हिज्युअल बेसिक लाडकी होती. २००२ मध्ये डॉट नेट हे प्रोग्राम लिहिण्या-चालवण्याचं नवं व्यासपीठ आलं (त्यावरची व्हीबी म्हणजे व्हीबी डॉट नेट) आणि व्हीबी ६चा कोड त्यात जसाच्या तसा चालेना. अनेकांना तो पुन्हा लिहावा लागला. पुढे कंपनी क्लाउडकडे, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरकडे वळली. २०१४ पासून डॉट नेट कोअर या नव्या आवृत्तीचा कोड खुला झाला, विंडोजबाहेर लिनक्सवरही ती चालू लागली, आणि भाषेतलं नवं बहुतेक सी-शार्पलाच मिळत गेलं. व्हीबीला भाषा म्हणून आणखी वाढवणार नाही, हे २०२० मध्ये जाहीर झालं. आहे ते सांभाळायला ती भरवशाची. पण बाबा, तू नव्याने लिहितोयस, तर सी-शार्पच घे.