पावडर ब्रोज करून नऊ महिने झाले: काय टिकलं, काय उतरलं

थायरॉइडचं निदान होऊन गोळी सुरू होईपर्यंत माझ्या दोन्ही भुवयांची शेपटी गेली होती. कानाकडचा तिसरा भाग जवळजवळ साफ. थायरॉइड कमी असलेल्या पुष्कळ बायकांचं असंच होतं. रोज सकाळी पेन्सिलनं शेपटी काढायची आणि डोंबिवलीहून ठाण्याला उतरेपर्यंत ती घामानं अर्धी पुसलेली असायची. गेल्या नोव्हेंबरात मी भुवयांचं पर्मनंट मेकअप, म्हणजे सुईनं त्वचेत रंग भरून घेणं, करून घेतलं. आता ऑगस्ट आहे. करू की नको या विचारात असलेल्यांसाठी सविस्तर लिहितेय, कारण त्या वेळी मला सापडलेले फोटो सगळे करून झाल्या झाल्या काढलेले होते. त्या दिवशी आरशात दिसते ती भुवई पुढे राहत नाही.

मला खरं तर मायक्रोब्लेडिंग हवं होतं, म्हणजे केसांसारख्या बारीक रेघा. पहिल्या ठिकाणी लगेच तारीख द्यायला निघाले. गोळ्या कुठल्या चालू आहेत, हे विचारलंही नाही. मी उठून आले. दुसऱ्या ठिकाणच्या ताईंनी आधी माझं कपाळ टिश्यूनं टिपलं आणि तो टिश्यू मलाच दाखवला. तेलकट. अशा त्वचेत त्या रेघा काही महिन्यांत पसरून एकमेकींत मिसळतात, म्हणून मशीननं बारीक ठिपके देऊन पावडरसारखी छटा भरायची, म्हणजेच पावडर ब्रोज, असं त्यांनी सुचवलं. रंगाची अ‍ॅलर्जी येते का हे बघायला कानामागे पॅच टेस्ट झाली. सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. त्वचेत सुई जाणार म्हटल्यावर कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही हे सगळे धोके आलेच, त्यामुळे पाकीट समोर फोडायला सांगताना संकोच करू नका.

माझ्या आजीच्या कपाळावर गोंदण होतं. गोंदणातली काजळी काळीच असते, पण खोल गेली की कातडीवरून निळसर-हिरवी दिसते. भुवयांच्या कामात सगळं कौशल्य इथेच आहे. रंग त्वचेच्या वरच्याच थरात राहायला हवा. खोल गेला तर भुवई राखाडी-निळी दिसायला लागते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. वर राहिला तर तो उतरत जातो, साधारण एक ते तीन वर्षांत. म्हणजे ‘पर्मनंट’ हे नाव अर्धंच खरं आहे.

सुन्न करणाऱ्या क्रीममुळे दुखलं असं नाही, खरखर जाणवली. पुढचे चार दिवस मात्र भुवया इतक्या गडद होत्या की ऑफिसात लोक डोळ्यांऐवजी तिथेच बघायचे. पाचव्या दिवसापासून बारीक खपल्या सुटू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात रंग जवळजवळ दिसेनासा झाला आणि मला रडू आलं. पैसे गेले असंच वाटलं. हे होणार हे ताईंनी सांगितलं होतं, पण आरशासमोर ते आठवत नाही. पाचव्या आठवड्यात तोच रंग मऊ होऊन परत वर आला. खरा निकाल तेव्हा कळतो. टचअप, म्हणजे फिकी राहिलेली जागा पुन्हा भरणं, तेही त्यानंतरच, सहा ते आठ आठवड्यांनी. माझे टचअप धरून चौदा हजार लागले.

एक चूक माझी झाली. सहाव्या दिवशी चुलत नणंदेची हळद होती. मी कोपऱ्यात बसले होते, तरी कुणीतरी प्रेमानं कपाळभर हळद लावली. मी घाबरून साबणानं खसाखसा धुतलं आणि डावीकडच्या खपल्या आल्या निघून. तिथे टचअपनंतरही छटा जरा फिकीच आहे. म्हणून घरात कार्य असेल तर निदान दोन महिने आधी करा, आठवडाभर आधी मुळीच नको.

नऊ महिन्यांनंतर आकार जसाच्या तसा आहे. रंग थोडा तांबूस झालाय, कारण काळा अंश आधी उतरतो आणि तांबडा मागे राहतो. उन्हानं तो लवकर उतरतो, म्हणून सनस्क्रीन भुवयांवरही लावते. सुरकुत्यांसाठीचं रेटिनॉलचं क्रीम मात्र तिथून दूर ठेवते, त्यानंही रंग लवकर उतरतो. मे महिन्यात गुडघ्याचा एमआरआय झाला, तेव्हा आधी सांगून ठेवलं, कारण रंगात लोहाचे कण असतात आणि मशीनच्या चुंबकामुळे क्वचित तिथे चुरचुरतं. मला काही झालं नाही.

धाकट्या बहिणीला मी नको म्हटलं. तिच्या कान टोचल्याच्या जागी केलॉइडची, म्हणजे जखमेबाहेर वाढलेल्या व्रणाची, गाठ आहे. अशा त्वचेला सुई लावू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी थांबावं. रक्त पातळ करायची गोळी, ताब्यात नसलेली साखर, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. कोड असेल तर सुईच्या जागी नवा डाग उमटू शकतो. ओठांचा रंग मी स्वतःही केला नाही, कारण मला तापानंतर ओठांवर फोड येतात आणि सुईनं ते उसळू शकतात. मनासारखं झालं नाही तर लेझर आहेच, असंही धरून चालू नका. काही रंग, विशेषतः ओठांचे तांबूस आणि त्वचेच्या रंगाचे, लेझरनं उलट काळे पडतात.

ज्यांच्या भुवया मुळात भरलेल्या आहेत आणि नुसता चालू फॅशनचा आकार हवा आहे, त्यांना मी सुचवणार नाही. फॅशन बदलेल तेव्हा रंग अजून तिथेच असेल. माझ्यासारखी जागा रिकामी झाली असेल, तर याचं मोल रोज सकाळी जाणवतं. पावसात भिजून ऑफिसात शिरताना आता हात आपोआप कपाळाकडे जात नाही.

फक्त एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी नेमानं रक्तदान करते. जानेवारीच्या शिबिरात फॉर्म भरताना गोंदवून घेतल्याबद्दलचा प्रश्न आला आणि मला वर्षभर थांबायला सांगितलं. टचअपही त्यात धरला जातो. पुढचा रंग भरायची वेळ येतेय, पण आधी जानेवारीत रक्तदान करीन, आणि मगच ताईंकडे जाईन.